आजीला गांजा माहीत असतो

२६ जूनला आपल्याकडे दोन कार्यक्रम एकाच मांडवात उरकतात. त्या दिवशी राजर्षी शाहू महाराजांची जयंती असते आणि आंतरराष्ट्रीय अमली पदार्थविरोधी दिनही असतो. सकाळी प्रतिमापूजन, मग मुलांची फेरी, 'नशा सोडा, संसार जोडा'च्या घोषणा, आणि उरलेल्या वेळात पाहुण्याचं भाषण. शेवगाव तालुक्यातल्या एका गावात तो पाहुणा मी होतो.

पालकांना बोलावलं होतं, पण पहिला पाऊस होऊन गेलेला. पालक कपाशी टोबायला रानात, आणि सभागृहात आलेल्या बहुतेक आज्या. मी पडदा लावला, प्रोजेक्टर चालू केला. पहिल्याच चित्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'कॅनाबिस आणि पौगंडावस्थेतील मेंदूविकास'. पंधरा-वीस मिनिटं मी बोललो. कुणी जांभई दिली नाही, यावर मी खूश होतो. मग दुसऱ्या रांगेतून एक आजी उठल्या.

"सर, त्ये कॅनाबी का काय म्हणताय, त्ये आपल्याकडं मिळतंय का?"

"आजी, कॅनाबिस म्हणजे गांजा."

"आरं मग गांजा म्हण की! आमच्या मामंजींची चिलीम मीच भरून द्यायची. पंच्याऐंशी वर्सं जगलं म्हातारं. शेवटपत्तुर बैलं हाकलीत. त्येंला कुटं काय झालं?"

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्यानं मागच्या बाकावरची नववी-दहावीची पोरं हसली. "आजी, तो काळ वेगळा होता," असं काहीतरी मी पुटपुटलो. ते उत्तर नव्हतं, आणि हे त्या पोरांनाही कळलं. हे प्रकरण म्हणजे त्या दिवशी न दिलेलं उत्तर आहे.

आजींचं म्हणणं आधी नीट ऐकू. त्यात खरं पुष्कळ आहे. गांजा या जिल्ह्याला नवा नाही. १८९३ साली ब्रिटिश सरकारनं भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष, त्यांच्यासह सात सदस्य, त्यांतले तिघे भारतीय. त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षीदारांची मतं घेतली आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांत गांजाचं पीक निघत असे, त्यांत अहमदनगर होतं. म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या मातीत हे झाड सरकारच्या डोळ्यांदेखत, कर भरून उभं असे. ज्वारी-बाजरीसारखं सर्रास नव्हे, पण चोरूनही नव्हे.

त्या अहवालातली एक गोष्ट मला फार आवडते. गांजानं वेड लागतं, असं तेव्हाचे डॉक्टर ठामपणे सांगत आणि पुराव्यादाखल वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदवह्या पुढे करत. आयोगानं त्या वह्या तपासल्या. वेडाचं कारण लिहायला एक रकाना होता आणि तो भरावाच लागे. रोग्याला आणणाऱ्या पोलिसाला कारण ठाऊक नसलं की त्यात 'गांजा' लिहून मोकळं होणं सोयीचं होतं. अशा नोंदी आयोगानं बऱ्याच प्रमाणात बाद ठरवल्या. बेताच्या सेवनानं सहसा फार बिघडत नाही, अतिसेवनानं बिघडतं, असा निष्कर्ष काढून त्यांनी सरसकट बंदीला नकार दिला. आजींच्या मामंजींना आयोगापुढे उभं केलं असतं, तर ते बेताच्या सेवनाचे साक्षीदार ठरले असते.

पण त्या आयोगाच्या डोळ्यांपुढे होती ती मोठी, कामकरी माणसं. शेतमजूर, साधू, मल्ल, कोळी. चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय होतं, हा त्यांचा प्रश्न नव्हता. आणि तो असता, तरी उत्तर शोधायची साधनं हाती यायला अजून शंभर वर्षं होती.

ही साधनं कशी हाती आली, ती हकिकत थोडक्यात. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी या दोघांनी गांजातून नशा आणणारं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं लांबलचक नाव सोडून देऊ, टीएचसी म्हणू. पुढचा प्रश्न असा होता की एका झाडाच्या चिकातलं द्रव्य माणसाच्या मेंदूत इतकं चपखल कसं बसतं? १९८८ मध्ये अमेरिकेत ते जिथं बसतं ती जागा सापडली. पण निसर्गानं ही जागा चिलमीसाठी केलेली नसणार. मग मेंदूचं स्वतःचं असं कोणतं द्रव्य तिथं येऊन बसतं? ते १९९२ साली मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत सापडलं आणि शोधणाऱ्यांनी त्याला संस्कृतातलं नाव दिलं: आनंदामाइड. आपल्याच 'आनंद' या शब्दावरून.

हे आनंदामाइड काम कसं करतं, ते शेवगावात सांगायला फार कष्ट पडू नयेत. इथं दारं धरणं सगळ्यांना ठाऊक आहे. एक माणूस वर चारीपाशी असतो, दुसरा खाली वाफ्यात. वाफा भरत आला की खालचा वरच्याला हाळी देतो, "बास, कमी कर!" मेंदूतल्या पेशींचंही असंच असतं. एक पेशी संदेश सोडते, दुसरी घेते. घेणारीला पुरे झालं की ती जरासं आनंदामाइड तयार करून उलट दिशेनं पाठवते, की बाई, हात आखड. काम झालं की ते तिथंच मोडून टाकलं जातं. हाळी एकाच वाफ्यापुरती, एका क्षणापुरती.

टीएचसी म्हणजे बांधावर येऊन उभा राहिलेला परका माणूस. तो सगळ्याच वाफ्यांकडे तोंड करून तासन्तास ओरडतो, "कमी कर, कमी कर!" कुठला वाफा भरला, कुठला कोरडा आहे, त्याला काय माहीत? म्हणून चिलीम ओढलेल्या माणसाला मिनिटाची दहा मिनिटं वाटतात, वाक्य सुरू केलं कशासाठी ते मध्येच विसरतं, हसू येतं ते थांबत नाही, आणि गाडी चालवताना ब्रेकवर पाय उशिरा जातो. हाळीची यंत्रणा सगळ्यात दाट कुठं आहे, तर आठवण साठवणाऱ्या भागात, तोल सांभाळणाऱ्या भागात आणि कपाळामागच्या भागात. थांबावं की करावं, हा निवाडा तो कपाळामागचा भाग करतो.

आता वय. मोठ्या माणसाच्या मेंदूत सऱ्या पाडून झालेल्या असतात, पीक उभं असतं. परक्यानं रात्रभर गोंधळ घातला तरी सकाळी रान ओळखू येतं. तेरा ते वीस-पंचवीस या वयात मात्र रानाची आखणीच चाललेली असते. कुठल्या सऱ्या ठेवायच्या, कुठल्या बुजवायच्या, पाणी कुठून वळवायचं, हे मेंदू त्या वर्षांत ठरवतो, आणि कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास पुरा होतो. या आखणीत ती हाळीची यंत्रणाच कामाला जुंपलेली असते. तेव्हा प्रश्न केवळ 'गांजा वाईट की चांगला' इतकाच राहत नाही. तो कुठल्या वयात आणि किती वेळा, हे आधी विचारावं लागतं.

इथून पुढे आकडे येतात आणि आकड्यांच्या बाबतीत भाषणं देणारे आम्ही लोक फार सैल असतो. 'एक झुरका आणि आयुष्य संपलं' असं फलकावर लिहितो. ते खोटं आहे. गावातल्या पोरानं एखादा झुरका घेतलेला असतो, त्याचं आयुष्य संपलेलं नसतं, आणि तो ठरवतो की ही माणसं थापाडी आहेत. मग आपण जे खरं सांगतो तेही तो झटकून टाकतो.

खरं ते असं. गांजा ओढून पाहणाऱ्या सगळ्यांना मिळून विचार केला तर साधारण शंभरांतल्या नऊ जणांना त्याचं व्यसन जडतं. सुरुवात किशोरवयात झालेली असेल तर हेच प्रमाण शंभरांत सतराच्या घरात जातं, म्हणजे सहांत एक. आजींना हे सांगताना मी असं म्हणेन, की सहा पोरांतली पाच सुटतील, पण सहावा कोण, हे आधी कुणाला सांगता येत नाही.

बुद्धीचं काय? न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरात एकाच वर्षात जन्मलेल्या हजारभर मुलांचा दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. किशोरवयात सुरुवात करून पुढेही गांजा न सोडणाऱ्यांचा बुद्ध्यांक अडतिसाव्या वर्षापर्यंत आठ अंकांपर्यंत घसरला, असं त्यातून २०१२ मध्ये पुढे आलं. यावर पुढे वाद झाला. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत एक ओढणारा आणि एक न ओढणारा यांच्यात तसा फरक दिसला नाही, तेव्हा घरची परिस्थितीही घसरणीमागं असू शकेल, असं काही संशोधकांचं म्हणणं. हा वाद मिटलेला नाही. वाद नाही तो एवढ्याच गोष्टीवर की ओढण्याच्या काळात लक्ष आणि पाठांतर उतरतं. आणि दहावीचं वर्ष तर त्या काळातच येतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर, आणि तिच्याबद्दल घरात सगळ्यात कमी बोललं जातं. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या सैन्यभरतीच्या तरुणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळलं. त्यानंतरच्या अभ्यासांनी हा आकडा कमी-जास्त केला, पण दिशा तीच राहिली: जितकी लहान वयात सुरुवात, जितका रोजचा वापर, जितका कडक माल, तितका धोका अधिक. ज्या घरात आधीच कुणाला असा आजार आहे, तिथं तर फारच. सहापट म्हटलं तरी बहुतेक ओढणाऱ्यांना हा आजार होत नाही, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं. शंभरांत एखाद्याला होणारी गोष्ट काही जणांना जास्त होते. पण ज्याला होते त्याच्या घराचं काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. कानात आवाज येतात, कुणी तरी मागावर आहे असं वाटतं, झोप उडते. आणि मग घरचे त्याला 'बाहेरचं' समजून देवऋष्याकडे नेतात. त्यात जाणारं वर्ष-दीड वर्ष हे उपचाराला सगळ्यात जास्त दाद मिळण्याचं वर्ष असतं. देवाला नेऊ नका असं मी कुणाला म्हणत नाही. दवाखान्यात आधी न्या.

कडक मालाची गोष्ट आली म्हणून. मामंजींच्या चिलमीतला गांजा आणि आज जगभर पिकवला जाणारा गांजा यांत फरक पडलाय. अमेरिकेत पकडलेल्या मालात १९९५ च्या सुमारास टीएचसी ४ टक्क्यांच्या आसपास होतं, पुढच्या पाव शतकात ते १५ टक्क्यांच्या घरात गेलं. आपल्याकडच्या पुडीत काय असतं, हे ओढणारा सोडा, विकणाराही सांगू शकणार नाही.

आता अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर एक वळण घेऊ. तिथं चार कोटींहून जास्त माणसं घरात स्पॅनिश बोलतात. गांजासाठी तिथं वापरला जाणारा 'मारिह्वाना' हा शब्दही मूळ मेक्सिकोतल्या स्पॅनिशचा. इंग्रजीनं तो उचलला आणि १९३७ साली कायद्याच्या नावातच घातला, तोही भीती दाखवायला, की ही बघा सीमेपलीकडून आलेली पीडा. आज त्याच शब्दाची माहितीपत्रकं तिथल्या सरकारी संस्था स्पॅनिशमध्ये काढतात, कारण एक अडचण लक्षात आली. आईबाप शेतात, बांधकामावर, हॉटेलात राबतात, इंग्रजी जेमतेम. शाळेतून आलेला कागद त्यांना वाचून कोण दाखवणार? तर तोच मुलगा. 'तुमचा मुलगा चोरून ओढतो आहे' हे पत्र मुलानंच आईला भाषांतर करून सांगायचं. काय सांगेल तो?

त्यातून तिथं गंमत अशी झाली की मेक्सिकोतून आलेल्या जुन्या पिढीच्या मनात हा शब्द अनेकदा तुरुंग, टोळ्या आणि गोळीबार यांना चिकटलेला. आणि पोरांच्या डोळ्यांपुढे पाटी लावलेलं दुकान, कारण कोलोरॅडो आणि वॉशिंग्टननं २०१२ मध्ये, कॅलिफोर्नियानं २०१६ मध्ये मतदान करून प्रौढांना गांजा खुला केला. आई म्हणते राक्षस, पोरगं म्हणतं दुकान. दोघांचं बोलणं एकमेकांना लागतच नाही.

शेवगावात हीच गोष्ट उलट्या बाजूनं घडते. आजीच्या मनात गांजा म्हणजे मामंजींची चिलीम, महाशिवरात्रीची भांग, जत्रेतला बैरागी. आणि शाळेच्या फलकावर गांजा म्हणजे कवटी आणि दोन हाडं. मधल्यामध्ये पोरगं उभं. त्याला सोयीचं काय, तर आजीचं.

आणि आजीच का? कारण घरात तीच असते. शेवगाव, पाथर्डी आणि शेजारचा बीड जिल्हा ही ऊसतोडीची माणसं पाठवणारी रानं. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, उचल घेतलेली जोडपी 'एक कोयता' म्हणून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाच-सहा महिने मोठं पोरगं आजीपाशी किंवा वसतिगृहात. जाताना आई त्याला मोबाइल घेऊन देते, कारण फडावरून बोलायला दुसरं काय आहे? त्या मोबाइलात पोराला पुण्या-मुंबईच्या पोरांचे सगळे शब्द मिळतात: माल, स्टफ, पेपर, गोगो. आजीला यातला एकही शब्द कळत नाही. तिला चिलीम कळते, साफी कळते. म्हणजे गांजा जिला सगळ्यात जास्त माहीत आहे, तिच्याचसमोर बसून पोरगं गांजाबद्दल फोनवर बोलू शकतं. काही बंजारा घरांत तर आजी बोलते ती गोरमाटी, नातू बोलतो मराठी, आणि शाळेचं पत्रक येतं ते धड कुणाच्याच भाषेत नाही.

म्हणून २६ जूनचं भाषण मला आता जवळजवळ निरुपयोगी वाटतं. पेरणीत आई नसते, दिवाळीनंतरही नसते. बोलायचं तर आजीशी, आणि तिच्या शब्दांत.

किती घाबरायचं, तेही तिला सांगायला हवं. दिल्लीच्या 'एम्स'नं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. १० ते १७ वयोगटातली ०.९ टक्के मुलं, म्हणजे सुमारे २० लाख, गांजा-भांग-चरस यांपैकी काही घेत होती. शंभर पोरांत एक धरा. याच वयात हुंगण्याच्या नशेचं, म्हणजे पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर वगैरेचं प्रमाण १.१७ टक्के, गांजापेक्षा जास्त. प्रमाणात मुलं मोठ्यांच्या पुढं आहेत, असा नशेचा हा एकच प्रकार. आणि आपल्या नगर जिल्ह्यात या सगळ्यांच्या आधी मावा. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून कागदात बांधलेला मावा सातवीतल्या पोराच्या खिशात सापडतो आणि आम्ही त्याला व्यसन म्हणतच नाही, 'सवय' म्हणतो. ज्या टपरीवर मावा उधार मिळतो, तिथंच कुणी तरी मोठा पोरगा पुढची पुडी दाखवतो. गांजावर भाषण देऊन मावा थुंकायला बाहेर गेलेले वक्ते मी पाहिलेत.

ओळखायचं कसं, हे आज्या हमखास विचारतात. लाल डोळे, जळक्या पाल्यासारखा वास, अवेळी आणि अचाट भूक, शर्टाला पडलेली बारीक भोकं, खिशात पातळ कागदाची पुडकी. पण डोळे रात्री दोनपर्यंत फोन बघूनही लाल होतात, आणि पंधराव्या वर्षी भूक सगळ्यांनाच अचाट असते. एकट्या खुणेवर जाऊ नये. दोस्त एकदम बदलले, खेळ सुटला, पैसे कमी पडायला लागले, शाळेतून पळून येणं वाढलं, आणि हे सगळं दोन-तीन महिन्यांत मिळून झालं, तर विचारावं.

विचारावं, मारू नये. मारल्यानं गांजा सुटत नाही, फक्त पोरगं घरी यायचं सुटतं. गळ्याची शपथही घालू नये, कारण ती मोडली की त्याला वाटतं आता आजी मेलीच समजा, मग लपवाछपवी दुप्पट होते. माळ घालण्याबद्दल मात्र माझं मत बदललंय. पूर्वी मी हसायचो. आता पाहतो की ज्यांचं सुटलं, त्यांचं माळेच्या धाकानं कमी आणि माळेबरोबर आलेल्या नव्या संगतीमुळं जास्त सुटलं. दिंडी, भजन, पखवाज. टपरीवरचा कट्टा सोडायचा तर संध्याकाळी सात वाजता बसायला दुसरी जागा लागते.

रोज ओढणाऱ्यानं एकदम सोडलं तर एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप न लागणं, भूक मरणं, विचित्र स्वप्नं सुरू होतात. पहिला आठवडा वाईट, दोन आठवड्यांत बहुतेक निवळतं. हे आजीला आधी सांगितलेलं बरं. नाहीतर पोरगं ताटाला लाथ मारतं आणि तिला वाटतं, ओढत होता तेव्हाच बरा होता. गांजा सोडवणारी खात्रीची गोळी अजून निघालेली नाही. समुपदेशन चालतं, वेळ लागतो.

भांगेचं वेगळं आहे. ती पोटातून चढते, अर्धा ते दोन तास घेते. काही झालं नाही म्हणून पोरं दुसरा पेला घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, मरतोय असं वाटतं. अशा वेळी चिंच, लिंबू, ताक पाजायची आपली रीत. शुद्धीत असेल तर घोटभर ताकानं नुकसान नाही. पण डोळे मिटत असतील तर काही पाजू नका, घशात अडकून गुदमरतं. कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा.

आणि पोलीस? घरं लपवतात ती या भीतीनं, आणि मुलीचं लग्न मोडेल या भीतीनं. म्हणून कायदा सरळ भाषेत सांगतो. १९८५ चा अमली पदार्थ कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांगेचा कारभार राज्याच्या दारूबंदी कायद्याकडे. ओढण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जवळ एक किलोपर्यंत सापडला तर एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर गेलं की दहा ते वीस वर्षं. तुरीत, कपाशीत चार झाडं लपवून लावणं हाही गुन्हाच, दहा वर्षांपर्यंत. पण याच कायद्यात कलम ६४-अ आहे. ओढणाऱ्यानं किंवा अल्प प्रमाणात सापडलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून त्याला संरक्षण मिळतं. अर्धवट उपचार सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं.

अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथं सुधारणेचा विचार आधी होतो. मात्र 'फक्त ही पिशवी पाथर्डीला पोचव, पाचशे घे' असं सांगून मोटारसायकलवर पोरं वापरली जातात, तिथं सावध. सोळा ते अठरा वयाचा असेल आणि माल मोठा असेल, तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही, हे मंडळ तपासू शकतं. पोरांच्या हातून असा माल नेणाऱ्या मोठ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलाला नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला कलम ७७ खाली तेवढीच. मावा उधार देणारा टपरीवाला त्यात येतो, हे टपरीवाल्याला बहुधा माहीत नसतं.

मदतीला आज फोन आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या तक्रारींसाठी १४४१६, मुलांसाठी १०९८. यांतल्या कुठल्याही फोनला पैसे पडत नाहीत. पुण्यात 'मुक्तांगण' आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानं. तेव्हा मुंबई-पुण्याची पोरं ब्राऊन शुगरनं, म्हणजे गर्दनं, वाया जात होती. मुक्तांगणनं पहिल्यापासून एक केलं: व्यसनी माणसाच्या बायकोला, आईला बोलावून बसवलं, त्यांच्या भाषेत, शिव्यांसकट बोलू दिलं. माझ्या मते त्यांचं अर्धं यश त्या बैठकीत आहे.

नोव्हेंबरात मी त्याच गावी परत गेलो, प्रोजेक्टर न घेता. आजी ओट्यावर तूर निवडत होत्या. लेक-सून फडावर गेलेली. मी विचारलं, "आजी, मामंजींना चिलीम कधी लागली?"

"म्हातारपणाला. चाळिशीच्या पुढं. दुष्काळात बैल गेला, तवा."

"आणि लहानपणी लागलेलं कुणी होतं का घरात?"

त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, धाकटा दीर होता. गुरं राखायला जायचा, बारा-तेराचा असल्यापासून गुराख्यांच्या संगतीत ओढायचा. विसाव्या वर्षी एकटाच बडबडायला लागला, अंगावरचे कपडे फेकायचा. देवाला नेला, साखळीनं बांधला, एक दिवस निघून गेला तो गेलाच. "त्येचं नाव कुणी काढत न्हाई घरात."

एका दिराच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. इंग्रजांच्या त्या आयोगानंही ही नोंद बाजूला ठेवली असती. पण सभागृहात मामंजी आले आणि दीर आला नाही, कारण मी कुणालाच विचारलं नव्हतं.

फोन वाजला. फडावरून सून होती. नेहमीचं झालं, पाऊस, ताप, शाळा. मग आजी म्हणाल्या, "थांब, फोन ठिवू नको. तुज्या चुलत सासऱ्याचं सांगायचंय तुला." नातू उंबऱ्यावर बसून मोबाइल बघत होता. त्याचा अंगठा पडद्यावर होता, पण हलत नव्हता.